शिळी बातमी

सांगलीच्या गावभागात, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात गुणमाला मगदूम राहतात. आम्ही बोळातले सगळे त्यांना गुणाक्का म्हणतो. वय सासष्टच्या आसपास, बांधा लहानखुरा. पण आवाज असा, की बोळाच्या या टोकाला बोललेलं त्या टोकाला स्वच्छ ऐकू यावं, आणि तरी त्या ओरडल्या असं कुणाला वाटू नये. हा आवाज त्यांनी नोकरीत कमावलेला. गुणाक्का सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा जतला किंवा शिराळ्याला फोन लावायचा म्हणजे आधी नंबर नोंदवून वाट बघत बसावं लागे. लाइन लागली तरी पुष्कळदा नुसती खरखर. मग मधली ऑपरेटरच इकडचं बोलणं तिकडे सांगायची. बाळंतपण, अपघात, मयत, मुलीच्या स्थळाचा होकार, सगळं त्यांच्या तोंडून गेलेलं. त्यांच्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की निरोप सांगताना आधी वेळ सांगायची. ‘सकाळी साडेदहाचा निरोप आहे’, असं म्हणायचं आणि मग पुढचं. शेवटी समोरच्याकडून सगळं परत म्हणवून घ्यायचं. गुणाक्कांना ही सवय इतकी लागली, की घरातसुद्धा त्या तसंच बोलत. ‘अकराचं सांगते, दूध आलेलं नव्हतं,’ असं. त्यांचे यजमान हसायचे.

यजमान गेले, मुलगी बेळगावला दिली, आणि पुढे निवृत्ती आली. घर रिकामं झालं. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जायचं, येताना भाजी आणायची, दुपारी वाचत पडायचं. मुलीने एक चांगला फोन घेऊन दिला आणि सगळे असतात त्या ॲपवर त्यांचं खातं उघडून दिलं. पहिले काही महिने गुणाक्का तिथे नुसत्या बघत. एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी सापडल्या, त्यांची नातवंडं बघितली, तेवढंच.

मग एकोणीस सालचा महापूर आला. त्या दिवसांत सांगलीत जे होते त्यांना काही सांगायला नको. पाण्याइतक्याच अफवा होत्या. धरण फुटलं, पूल खचला, अमुक गल्लीत मगर शिरली. फोन वाजला की माणसं दचकत. गुणाक्कांच्या माडीच्या खिडकीतून आयर्विन पुलाचे खांब आणि त्यांच्यावर रंगवलेले फुटांचे आकडे दिसतात. त्यांनी खिडकीत उभं राहून दिसलं तेवढंच ॲपवर लिहायला सुरुवात केली. ‘मी स्वतः बघितलं. पाणी अमक्या आकड्याला आहे.’ बस. बोळात पाणी शिरून त्यांना नावेतून बाहेर काढलं, तोपर्यंत त्या लिहीत होत्या.

पूर ओसरला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपलं लिहिलेलं हजारो माणसं वाचत होती. मिरजेची, म्हैसाळची, पार पुण्यात नोकरीला गेलेली आणि इथल्या आईबापांच्या काळजीने झोप उडालेली मुलं. रस्त्यात कुणीतरी वाकून नमस्कार करायचं. ‘पुरवाल्या आक्का तुम्हीच ना?’ चार भिंतींत एकट्या राहणाऱ्या बाईला हे बरं वाटणारच. पुढच्या पावसाळ्यात त्या रोजच लिहू लागल्या. आकड्यासोबत पुलाचा फोटो जाऊ लागला, मग उगवत्या सूर्याचा, मग चार दिलाशाचे शब्द. फोटो चांगला असला की त्याखाली आवडल्याचे बदाम जास्त पडतात हे त्यांना कळलं होतं. आणि एक गोष्ट त्यांनी सोडून दिली होती. वेळ लिहिणं. ॲप स्वतःच वेळ घालतं, मग आपण कशाला लिहायची, असं त्यांना वाटलं.

त्यांच्याकडे दूध घालायला आकाराम कोळेकर यायचे. मूळचे जत तालुक्यातले धनगर. तिकडे मेंढरांना चारा उरेना, म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वी मेंढरं मोडून इकडे आले आणि नदीच्या मळीत, एकाच्या रानावर राहून त्याची शेती आणि स्वतःच्या चार म्हशी बघू लागले. सांगलीकडे नदीकाठच्या गाळाच्या रानाला मळी म्हणतात. माती सोन्यासारखी, पण पुराचं पाणी आधी तिथंच येतं. आकाराम मोटारसायकलला किटल्या अडकवून पहाटे यायचे. दूध मापताना नेमाने विचारायचे, ‘आक्का, आज काय म्हनती नदी?’

‘वाचत नाही होय तुम्ही फोनमध्ये?’

‘वाचतो की. पर तुमच्या तोंडचं ऐकलं की बरं वाटतं.’

एकवीस सालच्या जुलैत पाणी पुन्हा चढलं. या खेपेला लोक शहाणे झाले होते. आकाराम आणि त्यांची बायको सुलाबाई वेळेवर म्हशी सोडून वरच्या गावच्या शाळेत गेले. त्यांचा मुलगा इंद्रजित कुपवाडच्या कारखान्यात कामाला. तोही रजा टाकून तिकडेच आला. दोन दिवस पाणी वाढत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी गुणाक्कांनी खिडकी उघडली तर पाणी दीड फुटाने उतरलेलं. ढगांतून ऊन आलं होतं आणि पुलाच्या कमानी सोनेरी दिसत होत्या. त्यांनी फोटो काढला आणि लिहिलं, ‘पाणी उतरू लागलं. काळजी नको.’

त्या दिवशी जेवढे बदाम पडले तेवढे आधी कधी पडले नव्हते. लोक रडून लिहीत होते. ज्याने त्याने ते पुढे पाठवलं.

त्याच रात्री वर, कोयनेच्या खोऱ्यात पुन्हा पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी गुणाक्कांना दिसलं, की बोळाच्या टोकाची, सकाळी कोरडी झालेली पायरी परत बुडाली आहे. त्यांनी लगेच लिहिलं, ‘पाणी पुन्हा वाढतंय. मळीकडे कुणी जाऊ नका.’ ऊन नव्हतं, फोटो काळपट आला होता. मोजक्या लोकांनी तो बघितला. संध्याकाळी त्यांनी पुन्हा लिहिलं. तेही तसंच पडून राहिलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामनी शाळेच्या व्हरांड्यात फोन उघडला. त्यांच्यासमोर पहिल्यांदा आलं ते ऊन पडलेल्या पुलाचं चित्र. ‘पाणी उतरू लागलं. काळजी नको.’ म्हशींचा कडबा संपला होता, आणि रानातली पाण्याची मोटर मालकाची होती, ती वर काढून ठेवायची राहिली होती. फोन चार्जिंगला लावून ते सुलाबाईला म्हणाले, ‘आक्का म्हनत्यात उतारलंय. मी जाऊन येतो.’

मळीत पुढून, नदीकडून पाणी आलं तर दिसतं. पण ते आधी मागच्या ओढ्यातून उलटं चढतं. माणूस नदीकडे बघत राहतो आणि परतीची वाट मागच्या मागे बुडते. आकाराम दोन दिवसांनी उसात सापडले.

गुणाक्कांना हे पाणी उतरल्यावर कळलं. दूध आलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं होतं, पुरामुळे येत नसतील. बातमी कळली तशी त्या भेटायला गेल्या. शाळेच्या एका खोलीत सुलाबाई भिंतीला टेकून बसली होती. आजूबाजूला चार बायका. गुणाक्का शेजारी बसल्या. मग सुलाबाईनेच तोंड उघडलं. आवाज अगदी बारीक.

‘आक्का, तुमीच सांगितलासा न्हवं, पानी उतारतंय म्हनून?’

गुणाक्कांना आधी कळलंच नाही. इंद्रजितने बापाचा फोन त्यांच्या हातात दिला. पडद्यावर तोच फोटो होता.

‘हे त्याच्या दोन दिवस आधीचं रे,’ गुणाक्का म्हणाल्या. ‘नंतर मी लिहिलं होतं, वाढतंय म्हणून. दोनदा लिहिलं होतं.’

‘कुठं हाय ते?’ इंद्रजित म्हणाला.

त्यांनी बोटाने पडदा वर सरकवायला सुरुवात केली. कुणाच्या लग्नाचे फोटो, साड्यांची जाहिरात, पुढाऱ्याचा वाढदिवस, आणखी एक जाहिरात. त्यांचा इशारा पुष्कळ खाली, एका विनोदाच्या चित्राखाली होता. पहिल्या फोटोवर वेळ होती. नव्हती असं नाही. फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत एक आकडा.

‘ही जागा त्या ॲपवाल्यांची आहे,’ त्या कशाबशा म्हणाल्या. ‘कुठलं वर ठेवायचं, कुठलं खाली, ते ॲपच ठरवतं. जे जास्त लोकांना आवडतं ते…’

सुलाबाई त्यांच्याकडे बघत होती. रागाने नव्हे, काही समजून घ्यायचं असलं की माणूस बघतं तशी.

‘आमी शिळं जनावराला बी घालत न्हाई, आक्का,’ ती म्हणाली. ‘तुमी मानसाला घातलासा.’

गुणाक्का कशा घरी आल्या ते त्यांना आठवत नाही. पुढचा महिना त्या जेवढ्यास तेवढं जेवल्या. आमच्या घरी यायच्या, बसायच्या, उठून जायच्या. आम्ही म्हणायचो, ‘आक्का, तुमचा काय दोष? तुम्ही खरं तेच लिहिलं होतं.’ त्या एकदाच बोलल्या. ‘खरं होतं, पण त्या वेळेपुरतं. मला शिकवलेलं होतं, वेळ आधी सांग. मी विसरले, कारण मला बदाम आवडायला लागले होते.’

ॲपवर त्यांनी लिहिणं थांबवलं. लोक विचारत राहिले, आक्का कुठे आहात, रोजचा फोटो टाका. ॲपही विचारी. तुमचे वाचक वाट बघताहेत, असं दर दोन दिवसांनी फोनवर उमटायचं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. जैनांच्यात या दिवशी वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागतात. पूर्वी माणसं घरोघर जात. आता सकाळपासून फोनवर कमळं येतात, हात जोडलेली चित्रं येतात. एकाच चित्रात सगळ्यांना सगळ्यांची क्षमा. गुणाक्का ती बघत बसल्या होत्या, तेवढ्यात ॲपने एक नवीनच चित्र पाठवलं. भोवती चांदण्या आणि रंगीत कागदांची उधळण, मध्ये ऊन पडलेला पूल. ‘अभिनंदन! तुमचं हे लेखन यंदा सर्वांत जास्त लोकांना आवडलं.’

त्यांनी फोन पालथा ठेवला, पायात चपला घातल्या आणि रिक्षा करून मळीत गेल्या.

सुलाबाईने पत्रे उभे करून पुन्हा आडोसा केला होता. ती म्हशीची धार काढत होती. गुणाक्का बाजूला उभ्या राहिल्या.

‘आज आमच्यात क्षमा मागायचा दिवस असतो. मी मागायला आले.’

धारेचा आवाज थांबला नाही. सुलाबाई म्हणाली, ‘माफी दिऊन मी काय करू? आन् न दिऊन तरी काय करू? मानूस काय येनार हाय?’

‘नाही येणार.’

‘तुमी त्ये लिवायचं बंद केलंय म्हनं?’

‘केलंय.’

सुलाबाईने तांब्या खाली ठेवला. ‘मग फुडच्या पावसाळ्यात मला कोन सांगनार? आमचं मालक वाचायचं आन् मला सांगायचं. मला वाचाय येत न्हाई. पोरगं दिसभर कामावर. मी आन् म्हसरं, एवढीच हाय हितं. बंद करून तुमी सुटलासा, आक्का. मी कुठं सुटले?’

गुणाक्का तिच्याजवळ उकिडव्या बसल्या.

‘सांगायचं आसंल तर मला कळंल आसं सांगा,’ सुलाबाई म्हणाली. ‘आन् ताजं सांगा.’

दुसऱ्या दिवशी गुणाक्का नदीपासून लांब, विश्रामबागेत नाथाजींकडे गेल्या. नाथाजी मूळचे लोणंदचे. एक्स्चेंजमध्ये लाइनमन म्हणून खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची वर्षं इंटरनेटच्या विभागात काढली. निवृत्तीनंतर कुणाकुणाची यंत्रं दुरुस्त करून देत. गुणाक्कांनी त्यांना सगळं सांगितलं.

‘मला असं ठिकाण हवं,’ गुणाक्का म्हणाल्या, ‘जिथं मी लिहिलेलं तसंच दिसेल. मध्ये कुणी वरखाली करणार नाही.’

‘हाय की, बाई. इंटरनेट म्हंजे काय ते एक ॲप न्हाई. लोक इसरलेत. आपल्या नावानं एक पान नोंदवायचं, कुठं तरी थोडी जागा भाड्यानं घ्यायची, आणि त्यावर आपण लिवायचं. ज्याला बघायचं त्यो थेट तिथं येतो. मधी कोन नाही.’

‘म्हणजे पूर्ण आपलं?’

नाथाजी हसले. ‘पूर्ण कुणाचंच कायबी नसतं. तार कुणाची तरी आसतीच, जागाबी भाड्याची. पण एकानं काढलं तर सामान उचलून दुसरीकडं जाता येतं, नाव तेच राहतं. आणि काय दाखवायचं ते आपण ठरवतो. एवढं पुरं हाय.’

हिवाळाभर ते दोघं त्यावर बसले. गुणाक्का रोज दुपारी वही न घेता, नुसत्या डोक्यात ठेवून शिकत. एक्स्चेंजमध्ये नंबर पाठ करायची सवय कामाला आली. पान पांढरं. त्यावर सर्वांत वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत वेळ आणि वार. खाली पाण्याचा आकडा. त्याखाली एक शब्द, वाढतंय, उतरतंय किंवा थांबलंय. फोटो नाही, म्हणजे मळीतल्या कमी रेंजवरही ते पटकन उघडावं. किती लोकांनी बघितलं ते मोजायची सोय नाथाजी घालणार होते. गुणाक्कांनी हात धरला.

‘नको. ते कळायला लागलं की त्यांना आवडेल असं लिहावंसं वाटतं. मला वाटलं होतं.’

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. ‘मी आजारी पडले, किंवा झोप लागली, किंवा मेलेच, तर पानावर काय दिसेल?’

‘शेवटचा आकडा तसाच राहील.’

‘तो राहता कामा नये, नाथाजीराव. काहीही करा.’

नाथाजींनी तशी व्यवस्था केली. पुराच्या दिवसांत तीन तासांत नवं काही लिहिलं गेलं नाही, तर आकडा आपोआप पुसला जाई आणि तिथं दुसरी अक्षरं येत. ‘ही बातमी शिळी झाली. हिच्यावर विसंबू नका. नदीजवळ असाल तर उंचावर जा.’ शब्द गुणाक्कांचे होते. शिळी हा कुणाचा शब्द, ते त्यांनी नाथाजींनाही सांगितलं नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक फोननंबर भाड्याने घेतला. त्यावर कुणीही, साध्या फोनवरून, फोन लावला की गुणाक्कांच्या आवाजात ऐकू येई: ‘दुपारी दोनचं सांगते. पाणी एकेचाळीस फुटांवर. वाढतंय. परत सांगते…’ आणि तीन तास उलटले की त्याच आवाजात ती बातमी शिळी झाल्याचं. सुलाबाईला हा नंबर त्यांनी स्वतः जाऊन लावून दाखवला. तिने ऐकला आणि मान हलवली.

जुन्या ॲपवर त्यांनी महिनाभर फक्त नव्या पानाचं नाव ठेवलं आणि मग ते खातं कायमचं काढून टाकलं. हजारो माणसं होती तिथे. त्यातली किती इकडे आली हे कळायला मार्ग नव्हता, पण फार आली नसावीत. गुणाक्कांनी कागदांवर पानाचं नाव आणि फोनचा नंबर लिहून ते दूध डेअरीत, बस्तीत, घाटावरच्या चहाच्या गाड्यावर, मळीच्या वाटेवरच्या दुकानांत लावले. बऱ्याच जणांना हा हट्ट वाटला. आमच्या बोळातलेच नानासो एकदा म्हणाले, ‘आक्का, सगळं जग तिथं आहे, तुम्ही हे काय आडबाजूला जाऊन बसलाय? तिथंच टाका की.’

‘तिथं मी काय सांगितलं ते माझं असतं,’ गुणाक्का म्हणाल्या, ‘पण कुणाला कधी सांगायचं ते त्यांचं असतं. पुरात कधी सांगितलं हेच सगळं असतं, नानासो.’

पुढचे पावसाळे बेताचे गेले. गुणाक्का मात्र जून ते सप्टेंबर गाव सोडून कुठे जात नसत. लेकीच्या घरचं लग्नसुद्धा त्यांनी पावसाळ्यात म्हणून चुकवलं. लेक वर्षभर नीट बोलली नाही.

अलीकडच्या एका ऑगस्टमध्ये पाणी पुन्हा चढलं. गुणाक्का दर दोन तासांनी लिहीत, बोलत. एके दिवशी सकाळी अकराला पाणी थांबलेलं होतं. त्यांनी तसं लिहिलं. ‘थांबलंय.’ त्यानंतर थोड्याच वेळात वीज गेली, आणि गावभागातला मोबाइलचा टॉवरही बंद पडला. एक वाजता त्यांनी खिडकीतून बघितलं तर पाणी हलायला लागलं होतं. वर सरकत होतं.

त्यांनी फोन हातात घेऊन माडीवर, गच्चीवर, जिन्यात सगळीकडे उभं राहून बघितलं. रेंजची एक काडी येईना. बोळात गुडघाभर पाणी होतं. आम्ही त्यांना बाहेर पडू दिलं नाही. त्या खिडकीत बसून राहिल्या. आमच्या घरून जेवण पाठवलं ते झाकलेलंच राहिलं, आणि सूर्यास्तानंतर त्या खात नाहीत, म्हणजे त्या दिवशी उपासच घडला. मी शेजारी बसले होते. त्या पुन्हा पुन्हा तेच म्हणत. ‘शेवटचं काय सांगितलंय मी? थांबलंय सांगितलंय. यंत्राने ते पुसलं असेल का? नसेल पुसलं तर?’

मी म्हणाले, ‘नाथाजींनी केलंय ना, होईल बरोबर.’

‘त्या वेळी पण वाटलं होतं, ॲप घालील वेळ बरोबर.’

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनला जीव आला. पहिला फोन नाथाजींचा. विश्रामबागेत रेंज होती. ते रात्रभर पान बघत होते. ‘बाई, काल दुपारी दोन वाजता आकडा पुसला. आपणहून. म्हटलं तुमाला आधी सांगावं.’ गुणाक्कांना तेवढ्याने धीर येईना. पुसलं गेलं म्हणजे कुणी ते ऐकलं, असं थोडंच?

नंतर सुलाबाईचा फोन आला. गुणाक्कांनी तो कानाला लावला.

‘आक्का, तुमी बऱ्या हायसा न्हवं?’

‘मी बरी आहे. तू कुठं आहेस?’

‘शाळंत. म्हसरं बी हितंच हायती. काल सकाळी फोन लावला तर थांबलंय म्हनलासा. दुपारी परत लावला तर म्हनलासा शिळं झालं. मला वाटलं, आक्काला कायतर झालं आसंल. म्हनून पोराला बोलवलं आन् निगालो. सांजच्याला मागनं ओढा चढला. छप्पर गेलं आमचं.’

‘छप्पर?’

‘गेलं ते. जाऊ द्या. मानसं हायती.’

गुणाक्का रडल्या नाहीत. त्या इतकंच म्हणाल्या, ‘परत सांग, कोण कोण आहे तिथं?’ आणि सुलाबाईने एकेकाचं नाव परत सांगितलं, म्हशींचीसुद्धा.

पलीकडच्या मळीत एका घरची तीन जनावरं दाव्यालाच बुडाली. त्यांना या पानाची माहिती नव्हती. गुणाक्का तिकडेही जाऊन आल्या.

दिवाळीच्या आधी सुलाबाईने मळी सोडली. इंद्रजितने आईला सांगितलं होतं, आता नदीकाठ नको. जतला चुलत्यांच्या रानात कालव्याचं पाणी आलंय, तिथं म्हशी जगतील. टेम्पोत म्हशी चढवायच्या दिवशी गुणाक्का गेल्या. दोघी बाभळीखाली उभ्या राहिल्या. सुलाबाईच्या डोक्यावर पदर होता, नजर नदीकडे होती.

‘आक्का, एक सांगू?’ ती म्हणाली. ‘त्येंच्या मरनाचं मी तुमच्यावर घालत न्हाई. पर मी इसरत बी न्हाई. दोनी खरं हाय.’

‘मीही विसरत नाही,’ गुणाक्का म्हणाल्या.

‘व्हय. म्हनून तर बोलतीया.’

टेम्पो निघाला. इंद्रजितने हात केला. सुलाबाई पुढे बघत बसली होती.

आता गुणाक्कांनी गल्लीतल्या आणखी दोघींना तयार केलंय, मला आणि घाटाजवळच्या बनुबाईंना. आमच्या तिघींकडे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन असावेत, असा त्यांचा नियम, म्हणजे एक टॉवर बंद पडला तरी दुसरी बोलू शकेल. मला पहिल्यांदा बोलायला लावलं तेव्हा मी भीतभीत म्हणाले, ‘पाणी अठरा फुटांवर आहे.’ गुणाक्कांनी हात वर करून थांबवलं.

‘आधी वेळ,’ त्या म्हणाल्या. ‘आणि हळू बोल. ऐकणारं माणूस घाईत असतं, आपण असायचं नाही.’

मी पुन्हा सुरुवात केली.